हलसीचं लाकूड

"ऐकलं, ऐकलं," असं म्हणून अण्णांनी उजवा हात वर केला, की समजावं, त्यांना काहीही ऐकू आलेलं नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. समोरचा बोलतोय तोवर मान डोलावणारा आणि सगळे हसले की मागाहून हसणारा. आमच्या सीमाभागातल्या वडगावात अण्णांना फार समंजस म्हणत, ते बरंचसं ह्यामुळेच. भावकीत भांडण झालं की दोन्ही बाजू त्यांच्यापुढे येऊन मन मोकळं करायच्या. अण्णा दोघांनाही "ऐकलं" म्हणायचे, आणि निकाल आपल्या बाजूने लागला असं समजून दोघेही घरी जायचे. मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की पुढे पुढे मला त्या भांडणाऱ्यांचीच कीव यायची.

अण्णांचे कान यंत्रमागाने खाल्ले होते. पुढच्या खोलीत दोन माग, मागे स्वयंपाकघर आणि मधे एक पडदा, एवढंच घर. साड्या विणता विणता त्या खडखडाटात माणसाचं आयुष्य गेलं. डॉक्टरने कानाचं मशीन दिलं होतं. ते लावलं की "डोस्क्यात आणि चार माग चालू हुत्यात" अशी तक्रार करून अण्णांनी ते कपाटात ठेवून दिलं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्यांच्याशी खुणांनी बोलायच्या. घराने ते पत्करलं होतं, अण्णांनीही पत्करलं होतं. त्यांना सलत होती ती एकच गोष्ट. त्यांची पोरगी गिटार वाजवायची, आणि ती त्यांनी कधी ऐकली नव्हती.

पोरगी कॉलेजात असताना मैत्रिणीची गिटार आणून शिकली. संध्याकाळी गच्चीवर वाजवत बसायची. अण्णा समोर उकिडवे बसून तिच्या हाताकडे बघायचे. "बोटं बरी चालत्यात हिची," असं मला कौतुकाने सांगायचे. साडीच्या काठावर नजर फिरवून विणकराने बोलावं, तसंच ते बोलणं. मग पोरगीला पुण्यात नोकरी लागली. गणपती झाले की जायचं ठरलं, आणि अण्णा बेचैन झाले. एकदा तिचं वाजवणं ऐकायचंच, असं त्यांच्या मनाने घेतलं.

ह्या भानगडीत मी कसा सापडलो, तेही सांगतो. मी त्यांच्या शेजारीच मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळतो. मागाची मोटार जळली की माझ्याकडे येते. बेअरिंग खराब झालंय का ते ओळखायची आमची एक साधी रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आतली घरघर थेट डोक्यात येते. एकदा मी अण्णांच्या मोटारीला असा चिकटून बसलो होतो.

"काय करालाईस रं मिस्त्री?" अण्णांनी विचारलं.

ह्यांना कुठं ओरडून सांगत बसायचं, म्हणून मी मूठ सरळ त्यांच्या हनुवटीला टेकवली. अण्णा जागचे हललेच नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "बेरिंग गेलंय." खरंच गेलं होतं.

त्या दिवसापासून माझा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात गेला तो गेलाच. पाण्याचा पंप, शेजाऱ्याची बुलेट, वहिनींचा मिक्सर, जे हलेल त्याला टोक लावून अण्णा ऐकत सुटले. शेवटी ते टोक गिटारीला लागलं.

"अण्णा, चरा पडंल. माझी न्हाय ती," पोरगी कळवळली. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णाच म्हणत, पोरगीसुद्धा.

"येतंय," अण्णा म्हणाले, "पर लई लांबनं."

मग ते मला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले. भिंतीवर विजेच्या गिटारी टांगल्या होत्या. त्यातली एक उतरवून घेऊन अण्णांनी तिच्या कडेवर हनुवटी ठेवली आणि मला तार ओढायला सांगितलं. मालकाला वाटलं, म्हातारा गिटार चाखून बघतोय. तो धावत आला. अण्णांचं लक्षच नव्हतं. ते गिटार उलटीपालटी करून बघत होते. "मिस्त्री, हिच्यातनं जवळनं येतंय. ही आतनं पोकळ न्हाय," ते म्हणाले, "ही नुसती फळी हाय की रं." मग किमतीची चिठ्ठी वाचली आणि गिटार जपून परत भिंतीवर लावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपुन करूया."

करायचं म्हणजे फारसं काही नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. पोरगीच्या मित्राची एक इलेक्ट्रिक गिटार गाडीवरून पडून फुटली होती. तिची मान, तारा, खुंट्या आणि वायरिंगचे भाग त्याने देऊन टाकले. म्हणजे मान होती, फक्त धड नव्हतं. धडाला एक चांगली जाड फळी हवी होती आणि ती परवडायला हवी होती. आमचा सगळा उन्हाळा त्या एका फळीपायी गेला.

पारख करायची अण्णांची रीत ठरलेली होती. फळी दोन विटांवर ठेवायची, एका टोकाला त्यांनी हनुवटी टेकायची आणि दुसऱ्या टोकाला मी पान्याने हळू ठोकायचं. हे माझ्या दुकानासमोर, भर रस्त्यात चालायचं. येणारे-जाणारे विचारायचे, "अण्णा लाकडाचा मुका घ्यालेत काय?" अण्णांना त्यातला फक्त "मुका" समजायचा. "व्हय, हे मुकंच हाय," ते गंभीरपणे सांगायचे आणि फळी बाजूला ठेवायचे.

प्लायवूड मुकं निघालं. आंब्याच्या फळीला पोखर लागली होती. सिल्व्हर ओक स्वस्त मिळत होता, त्याला अण्णांनी "बोबडं" ठरवलं. सागवान बोललं, अगदी स्पष्ट बोललं, पण त्याचा भाव ऐकून आम्हीच मुके झालो. माळ्यावर अण्णांच्या वडिलांच्या हातमागाचं लाकूड पडून होतं. मी म्हटलं, ह्याच्यासारखं दुसरं काय असणार, वडिलांची आठवण होईल, फुकट होईल. अण्णांनी ती तुळई खाली काढली, हनुवटी लावली, मला ठोकायला लावलं आणि परत माळ्यावर चढवली. "बाचं हाय म्हणून काय बोलतंय व्हय?" ते म्हणाले.

मग एक दिवस ते एकटेच वखारीत गेले आणि उड्या मारत परत आले. गावलं, म्हणाले. वखारवाल्याकडच्या एका ओंडक्याला हनुवटी लावून बघितली होती आणि ते लाकूड चांगलं बोलत होतं. पण ते ओलं होतं, नुकतंच कापलेलं.

"कसलं लाकूड म्हणाला तो?" मी हातवारे करून विचारलं.

"हलसीचं. भाळ चलो, लई चांगलं, म्हणाला."

हलसी गाव खानापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. तिकडचं लाकूड चांगलं असणार, ह्यात मलाही काही वावगं वाटलं नाही. हलसीतच जाऊन वाळलेली फळी आणू, असं ठरलं. रविवारी माझ्या स्कूटरवरून निघालो. खानापूर, नंदगड करत हलसीत पोचलो तेव्हा माझी कंबर गेली होती आणि माझं डोकंही फारसं ताळ्यावर नव्हतं.

चहाच्या टपरीवर विचारलं, "इथं हलसीचं लाकूड कुठं मिळतंय?"

"हलसीत हाय ते समदं हलसीचंच की," टपरीवाला म्हणाला.

"तसं न्हवं. ते खास असतंय ते."

मग त्याने आवाज उतरवून विचारलं, "जंगलखात्याचं हायसा काय?" आणि टपरीवरची दोन माणसं चहा तसाच ठेवून निघून गेली. पुढे ज्याला विचारावं, तो आमच्या परक्या चेहऱ्यांकडे आणि रिकाम्या स्कूटरकडे बघून सटकायचा. लाकूडचोर समजले की सरकारी माणसं समजले, देव जाणे. शेवटी एका अंगणात भात वाळवत बसलेल्या आजीबाईंनी आम्हाला सावलीला बोलावलं आणि पाणी दिलं. सगळी हकिकत ऐकून घेतली.

"वखारवाला कानडी हुता काय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग त्यो हलसिंदु म्हणाला असंल. हलसु म्हंजे फणस, लेकरा. फणसाचं लाकूड म्हणाला त्यो." आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या पळाल्या.

कानडी मला येतं. वखारीत मी असतो तर हा सगळा फेरा पडलाच नसता. मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा दोघांकडे बघून "ऐकलं, ऐकलं" म्हणत होते. मी त्यांचा हात धरला, अंगणाच्या कडेला फणसाचं झाड होतं तिथं नेलं आणि बुंध्यावर थापटून "हलसु, हलसु" असं तोंड मोठं करून सांगितलं. अण्णांनी वर लोंबणारे फणस बघितले. मग जे हसू लागले, ते खाली बसूनच हसले.

आजीबाईंचा जुना गोठा पाडून सिमेंटचा बांधला होता. त्याची फणसाची एक जाड फळी पडवीत पडून होती, वर्षानुवर्षांची वाळलेली, शेणाच्या वासाची. आम्ही ती तिथंच दोन दगडांवर ठेवली. अण्णांनी हनुवटी टेकवली, डोळे मिटले.

"मार."

मी ठोकलं.

"पुन्हा मार."

असं किती तरी वेळ चाललं. शेवटी उठले तेव्हा हनुवटीला शेण लागलं होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "शाणं लाकूड हाय," एवढंच म्हणाले. आजीबाई पैसे घेईनात. विणकर आहे म्हणता, तर मला एक साडी दे, माझ्या रंगाला शोभेल अशी, म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात अण्णा बसने जाऊन शेवाळी रंगाची साडी देऊन आले.

दारं-खिडक्या करणाऱ्या सुताराने फळी कापली. ती कापताना पिवळाधमक भुसा उडाला. वखारीतलं ओलं लाकूड घेतलं असतं तर महिन्यात पिळवटलं असतं, हे त्याने सांगितलं, आणि अण्णा त्या दिवसापासून आपल्या हलसीच्या चुकीबद्दल फार ऐटीत बोलू लागले. आकार पोरगीने पेपरवर काढून दिला होता. तरी गिटार झाली ती थोडीशी जेवायच्या पाटासारखी. पोरगीला ती फार आवडली. फक्त आवाज मोठा करायचा स्पीकर राहिला होता. तो ती पुण्यात पहिल्या पगारातून घेणार होती.

अण्णा मागच्या पावसाळ्यात गेले. माग विकले, वहिनी पोरगीकडे पुण्याला गेल्या, त्या खोलीत आता मोबाईलचं दुकान आहे. अजून कुठल्याही मोटारीपुढे वाकलो की मला शेजारी अण्णा हवे असतात. इतका चांगला शेजारी मला पुन्हा मिळालेला नाही आणि आता मिळायचं वयही राहिलेलं नाही.

पोरगी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशीची ती दुपार तेवढी सांगायची राहिली. सणाच्या साड्यांची घाई होती, त्यामुळे दोन्ही माग चालू होते. पोरगी पडद्याजवळच्या खाटेवर गिटार मांडीवर घेऊन बसली. विजेची गिटार स्पीकरशिवाय वाजवली तर शेजारी बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येते, आणि इथं तर दोन मागांचा खडखडाट. वहिनींनी माग बंद करू का, असं खुणेनं विचारलं. पोरगीने नको म्हटलं. अण्णा तिच्याजवळ सरकले, वाकले आणि गिटारीच्या वरच्या कडेवर त्यांनी हनुवटी टेकवली. त्यांचं डोकं तिच्या खांद्याला लागलं होतं. ती वाजवू लागली.

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. वहिनी आणि मी, चांगल्या धडधाकट कानांची माणसं, नुसते बघत उभे होतो.

बऱ्याच वेळाने अण्णांनी डोळे उघडले. "मधली एक तार उतरलीया बघ," ते म्हणाले.

पोरगी थांबली. तिने स्वतःचा कान लाकडाला लावून एकेक तार छेडली. एक खरंच उतरली होती. तिने खुंटी पिळली, पण तिला नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. माझेही आले होते. ती पुन्हा वाजवू लागली.

वहिनी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडल्या, "काय वाजवालीया ओ ती? तुमाला काय कळालं काय?"

मी नाही म्हणून हात हलवला. हनुवटी तशीच ठेवून अण्णांनी आमच्याकडे रागाने बघितलं.

"गप बसा की जरा," ते म्हणाले. "पोरगी वाजवालीया."