उजेडामागे फिरणारी गन

एकाहत्तरच्या लढाईनंतर माझी पोस्टिंग नागपूरजवळच्या एका ट्रायल रेंजवर झाली. माझं गाव खापा, शाळा चौथीपर्यंत. पण गनवर मी कुणाला हार गेलो नाही.

तिथं नवी गन बनत होती. अंधारात उजेड दिसला की नळी आपोआप तिकडे वळायची आणि फायर करायची. तिचं डोकं कॅप्टन माथुर साहेबांनी बनवलं, अंग नाईक धोटेनं. धोटे हिंगण्याचा. रेंजवर माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकटाच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ट्रायलमध्ये एक राउंड फुटला नाही, आतच राहिला. काढायला नट खोलायचे पाने लागतात. पाने तर पूजेत मांडून झाले होते. पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. सुभेदार म्हणाले, "दसरे के बाद निकालेंगे." कुणी हरकत घेतली नाही.

नवमीच्या संध्याकाळी गनही शेडमध्ये पूजेला उभी केली. वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून दारं लावली, आत अंधार झाला. धोटेनं आरतीचं ताट घेतलं. साहेबांनी हौसेनं मोटर चालू केली, फायरचा स्विच बंद ठेवला. नळी दिव्यामागे गोल फिरू लागली. जवान हसले.

"पाहून राहिली गा मले," धोटे म्हणाला, "नवरीवानी!"

"तुले कोन पाह्यते बे? दिव्याले पाहून राहिली," मी म्हणालो.

मग नळी थांबली. निशाणा लॉक झाल्याचा खटका वाजला. दिव्याच्या मागे धोटेची छाती होती. साहेबांनी मोटरचा स्विच बंद केला. मोटर बंद झाली नाही.

"धोटे, दिया बुझा!"

आरतीचा दिवा फुंकत नाहीत. धोटे ताटाकडे पाहत राहिला.

"धोट्या, फेक ताट!" मी ओरडलो.

साहेब धावले, ताटावर हात मारला. तेवढ्यात, स्विच बंद असूनही, आत अडकलेला राउंड फायर झाला.

दोघंही जागीच गेले. मी केबल उपटली तेव्हा नळी खाली पडलेल्या जळत्या वातीकडे वळत होती.

हिंगण्याला निरोप मी नेला. धोटेची माय म्हणाली, "लढाई तं संपली ना गा? मंग कोनं मारलं माह्या लेकाले?"

"ड्युटीवर गेला, माय," एवढंच म्हणालो. त्याच्याच हातच्या वस्तूनं मारलं, हे त्या माउलीला कसं सांगणार?

लढाईत मेले नाहीत म्हणून त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. गावातले पेन्शनर म्हणतात, अपघात होता तो. मी ऐकत नाही. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ बाजूला उभा राहतो, सॅल्यूट मारतो, मोठ्यानं म्हणतो: शहीद कॅप्टन माथुर. शहीद नाईक धोटे.

मागून कुणी 'अमर रहे' म्हणत नाही. तेही मीच म्हणतो.