पिठावरचं पाऊल

भूत नसतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे भुताची गोष्ट वाचायला बसलेल्या माणसाचा वेळ जायला नको. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं उभा जन्म ओझरच्या अलीकडं नदीकाठच्या रानात काढला. मसणवट्याला लागून माझा एक तुकडा आहे, त्याला अवेळी पाणी धरलं, उसात एकटा झोपलो. भेटलं ते माणूस भेटलं, नाहीतर जनावर. तिसरं काही भेटलं नाही.

आमच्या शिवेवर एक बाभूळ आहे. तिच्यावर एक मेलेली बाळंतीण बसते असं लहानपणापासून ऐकत आलो. भर दुपारी बाया त्या वाटेनं जायच्या नाहीत, पाणंदीनं वळसा घालायच्या. मग दोन हजार साल उलटलं, उसात बिबटे झाले, आणि एक बिबट्या त्याच बाभळीच्या बुडाशी बसलेला लोकांनी पाहिला. तेव्हापासून बाळंतिणीचं नाव कुणी काढत नाही. बाया अजून पाणंदीनंच जातात, पण आता बिबट्या आहे म्हणून जातात. भीती तीच, झाडही तेच, बसणारा तेवढा बदलला.

माझा बांधकरी, बांधापलीकडचा शेजारी, बौद्ध समाजातला, पोस्टातली नोकरी करून आलेला. तो मला म्हणाला, "भाऊ, आमच्या वडलांनी छप्पन साली देव सोडले. त्यांच्यासंगं भुतं बी गेली. येका कामात दोन कामं."

मी म्हटलं, "मग तुझी मंडळी पाणंदीनं का जाती?"

"तिनं अजून निम्मीच सोडलीत," तो म्हणाला.

पण मला सांगायचंय ते बिबट्याच्या आधीचं. माझी बायको गेली त्या वर्षाचं. तेव्हा गावात टीव्ही घरोघर नुकते आले होते, आणि हिंदीतली भुताची मालिका लागली की मोठी माणसंसुद्धा अंगावर गोधडी ओढून बघायची.

बायको भादव्यात तापानं गेली. आठवडासुद्धा अंथरुणावर पडली नाही. सगळा जन्म तिचा वाफ्यात वाकून गेला, तेवढं मरताना ती सरळ पाठ टेकून मेली. याच्यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

आमच्याकडं एक रीत आहे. जीव जिथं गेला ती जागा सारवून तिथं ताटात पीठ पसरतात, जवळ दिवा लावतात आणि वरून टोपली झाकतात. सावडायच्या दिवशी सकाळी टोपली उचलून पिठावर कशाचा ठसा उमटलाय ते बघतात. ज्याचा ठसा, त्याच्या जन्माला माणूस गेलं. गाईचं खूर दिसलं तर बाया समाधानानं रडतात. मुंग्यांची ओळ दिसली तर कुणी काही बोलत नाही.

हे सगळं माझ्या थोरल्या वहिनीनं केलं. थोरला भाऊ कधीच गेला होता, वहिनी शेजारच्या घरात राहायची, आणि भावकीत कुणाचं मयत झालं की सगळं तीच बघायची. तिनं परात मोठी घेतली, मग घरातली टोपली तिच्यावर पुरेना. म्हणून तिनं कोपऱ्यातलं डालगं आणून झाकलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी बांबूची टोपली. त्यातच माझ्या बायकोची काळी कोंबडी अंड्यांवर बसवलेली होती. मयताच्या गडबडीत कुणीतरी ती अंडी उचलून दुसरीकडं ठेवली. आणि त्या डालग्याला खाली एका बाजूला काड्या मोडून भोक केलेलं होतं, कोंबडीला ये-जा करता यावी म्हणून. ते बायकोनंच केलेलं.

सावडायच्या दिवशी वहिनीनं डालगं उचललं. दिवा विझलेला. पीठ एका अंगाला विस्कटलेलं, आणि कडेला एक ठसा, तीन बोटं पुढं, एक मागं.

वहिनी बसलीच खाली. "पाखराचं पाऊल. पण त्वांड बगा कुनीकडं. उंबऱ्याकडं न्हाई, चुलीकडं. भाएर गेलीच न्हाई ती. आन ह्यो बगा, पदर फिरलाय पिठावरनं."

मी म्हटलं, "वहिनी, कोंबडी हाय ती."

"गप बसा भावजी."

मी उठलो. कोंबडी चुलीमागं बसली होती. तिला धरून आणली आणि सगळ्यांना तिचे पाय दाखवले. नखांत पीठ होतं. तिची जागा ज्या डालग्यात होती, तिथं ती रोजच्या भोकातून आत गेली. याच्यात न कळण्यासारखं काय आहे?

वहिनीनं कोंबडीकडं बघून हात जोडले. "तिच्याच रूपानं आली आसंल."

"मग ही उद्या अंडं देईल ते कुनाचं म्हनायचं?"

पोरगा म्हणाला, "आबा, आज तरी नीट बोला." माझी सून दाराला टेकून उभी होती. ती त्या ठशाकडंच बघत होती. तिची नजर तेव्हा मला कळली नाही.

वहिनी खोटं बोलत नव्हती, हेही सांगतो. तिनं माझ्या बायकोबरोबर सगळा जन्म शेणी थापल्या, धुणी धुतली, भांडणं केली. ते सगळं एका आठवड्यात संपलं आणि मागं राहिली काय, तर कोंबडी? हे तिच्या मनाला पटेना. पटणार तरी कसं? म्हणून तिनं पिठात पदर बघितला. मला तिथं कोंबडीच दिसली, कारण तिथं कोंबडीच होती. पण मला तिचा राग आला नाही.

मग पौष लागला आणि कांद्याची लागण आली. मजुरीच्या बाया मिळेनात, सगळ्या टोमॅटोवाल्यांनी धरून ठेवलेल्या. सून वाफ्यात उतरली. तिला तेव्हा पाचवा महिना होता. आदल्या साली तिचं एक पोर पाचव्यातच गेलं होतं. तिची आई मढची, घाटाकडच्या गावची. तिनं दोनदा निरोप धाडला होता की पोरीला घेऊन जाते. पोरगा म्हणाला, "आत्ता कशी धाडू? दोन गडी मानसं घरात, भाकरी कोन करनार?" हे बोलणं त्या दोघांत झालेलं. माझ्या कानावर आलं नव्हतं. सून सासऱ्याशी असलं बोलत नाही. बोलायची ती सासूशी, आणि सासू गेलेली.

एका दुपारी ती वाफ्यात मट्कन बसली. केस सुटले, मान गरगर फिरायला लागली. बाया लांब सरकल्या. वहिनी तेवढी जवळ गेली.

"कोन हाईस बाई?"

"वळखलं न्हाई व्हय मला?"

आवाज सुनेचाच होता. पण बोलणं तिचं नव्हतं. शब्दाच्या शेवटाला जरा ओढून बोलायची माझ्या बायकोची ढब होती, तसंच ती बोलली. माझ्या हातातली रोपांची जुडी खाली पडली.

"काय पायजे तुला? साडी पायजे? निवद पायजे?" वहिनीनं विचारलं.

"मला काय करायची साडी." मग ती नवऱ्याकडं, म्हणजे माझ्या पोराकडं वळली. आमच्यात बायको नवऱ्याला नावानंसुद्धा बोलवत नाही. ही म्हणाली, "आरं ए, ह्या पोरीला तिच्या आयकडं का धाडीत न्हाईस? भाकरीसाठी? माझं नातवंड खाल्लंस, आता दुसरं बी खातूस?"

पोरगा पांढराफटक पडला. आणि ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, तुमी तरी बोला की."

मी बोललो नाही. खरं ते लिहितो, त्या घटकेला मला वाटलं की असू दे भूत, पण अजून एकदा म्हणू दे. मग ती आडवी पडली आणि झोपली. उठल्यावर तिला काही आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. आता पोरगा घाबरला, पण त्याची भीती भलत्याच बाजूला गेली. आई काय मागते ते त्यानं ऐकलं नाही, आई आली एवढंच धरून बसला. नदीपलीकडून, आंबेगावच्या बाजूचा एक भगत तो सकाळच्या पारी घेऊन आला. माणूस साधा, धुतलेला सदरा, पानानं रंगलेलं तोंड. पडवीत बसून त्यानं सांगितलं, काय काय लागेल. लिंबं, हळद, मिरच्यांची धुरी, एक काळी कोंबडी आणि एक हातभर लांबीचा लोखंडी खिळा.

"कोंबडी घरचीच हाय," वहिनी म्हणाली.

"खिळा कशाला?" मी विचारलं.

"शिवंवरल्या बाभळीत ठोकायचा, आबा. तिला तिथं बसवली की परत घरात पाय ठेवनार न्हाई."

"आन धुरी?"

"धुरी दिली की बोलती. बोलली की निघती."

सून आतल्या दारात बसली होती. तिनं पदर नाकाला लावला होता, अजून मिरच्या विस्तवावर पडल्यासुद्धा नव्हत्या. तिचा दुसरा हात पोटावर होता. तेवढ्यात तिची मान फिरायला लागली.

मी उठलो आणि मिरच्या काढून ठेवलेलं सूप उचलून बाहेर अंगणात ओतलं. पोरगा आडवा आला. "आबा, तुमाला काय कळत न्हाई ह्यातलं."

"मला येवढं कळतं का तुझ्या आयला जित्तेपनी कुनी दावं लावलं न्हाई. मेल्यावर खिळा ठोकतूस? आन बोलती ती धुरीबिगर बोलतीय की. कवाची बोलतीय. कुनी आयकलं?"

मी सुनेसमोर खाली बसलो. भगत बघत होता, वहिनी बघत होती. सासऱ्यानं सुनेसमोर असं बसायची आमच्याकडं रीत नाही. मी बायकोशी बोलतो तसा बोललो.

"आगं, आयकलं मी. पोरगी उद्या मढला जाईल. पोर होऊस्तवर तिथंच राहील. भाकरी मी थापीन."

ती डोलायची थांबली. म्हणाली, "तुमाला कुटं येती भाकरी?"

वहिनीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली.

"न्हाई येत," मी म्हटलं. "शिकीन. वाकडी झाली तर वाकडी खाऊ."

सून भिंतीला टेकली आणि तिला झोप लागली. मग पोरगा बाजूला झाला. आत जाऊन त्यानं तिच्या डोक्याखाली घडी करून गोधडी ठेवली. भगताला मी चहा दिला. बशीत फुंकर घालत तो हळूच म्हणाला, "आबा, तुमी केलं तेच मी बी करतो. मला फकस्त लिंबू लागतं."

"आन खिळा?"

"खिळा मागनाऱ्याला खिळा."

त्या माणसाशी नंतर माझी चांगली ओळख राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सुनेला घेऊन जुन्नरला गेलो आणि तिथून मढच्या एसटीत बसवली, शेजारी मीही बसलो. ती डोक्यावरचा पदर सावरत होती, पुन्हा सून झाली होती. गाडी घाटाच्या बाजूला लागली, थंडगार वारा यायला लागला, तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून बोलली.

"मामा, गेल्या साली माझं ते पोर गेलं तवा आत्या माझ्याजवळ बसल्या व्हत्या. म्हनाल्या, पुढच्या खेपंला पाचवा लागला की मीच तुला आयकडं पोचवते. भाकरीचं मी बगते. ह्यांनी न्हाई म्हटलं तर ह्यांच्याशी मी भांडते."

"ह्ये कुनाला सांगितलं व्हतंस?"

"न्हाई. कुनाला सांगनार?"

मी पुढं काही विचारलं नाही. तू नाटक केलंस का, असं विचारणारा माणूस मूर्ख. ते नाटक नव्हतं. आणि भूतही नव्हतं. सासूनं दिलेला शब्द त्या पोरीच्या पोटात पडून होता, आणि सून म्हणून तो बाहेर काढायला तिला वाट नव्हती. पिठावरचा ठसा बघितल्यावर तिला वाट मिळाली. सासू घरातच आहे असं सगळे म्हणतायत, तर मग सासूच बोलू दे. शब्द माझ्या बायकोचे होते यात मला शंका नाही. ती जिवंत असताना बोलली होती ते. त्याच्यासाठी तिला परत यायची गरज नव्हती.

लोक भूत का मानतात, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. काही गोष्टी जिवंत माणसाच्या तोंडून कुणी ऐकून घेत नाही.

वैशाखात सुनेला मुलगी झाली. ती अंगणात पळायला लागली तेव्हा काळी कोंबडी म्हातारी होऊन उकिरड्यावर ऊन खात बसलेली असायची. तिला मी कापू दिली नाही. वहिनी शेवटपर्यंत तिला वाकून नमस्कार करायची, आणि मी तिला शेवटपर्यंत कोंबडीच म्हणत राहिलो.

सुनेच्या अंगात पुन्हा कधी वारं आलं नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटायला पाहिजे होतं. पण ते "आवं" पुन्हा ऐकू आलं नाही, याचं मला जे झालं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी दुपारच्या वेळेला मी उगीच त्या वाफ्याच्या बांधावर जाऊन बसायचो. कुणी येत नाही हे माहीत असून बसायचो.

भाकरी मात्र मी शिकलो. सून परत आली तरी सकाळची भाकरी मीच करतो, अजूनही. पीठ सैल होतं, कड फुटते, एका बाजूला जाड राहते. माझ्या बायकोला असली भाकरी बघवली नसती. शेजारणीच्या चुलीवरची जाड भाकरी बघूनसुद्धा ती गप्प राहायची नाही, परातीला हात घालायची. एवढी वर्षं मी तिच्या चुलीपुढं बसून तिच्याच परातीत हा उद्योग करतोय, आणि ती मला एकदाही "सरका तिकडं" म्हणायला आली नाही.

भूत असतं तर आली असती.