वाचता न आलेला तुकडा

आमच्या महाविद्यालयाची सगळी माहिती संगणकाच्या चार डिस्क मिळून सांभाळतात. परवा त्यातल्या एकीला माहितीचा एक तुकडा वाचता आला नाही आणि पडद्यावर लाल ओळ उमटली. शेजारी बसणाऱ्या सुनंदाताई घाबरल्या. "गेलं का हो सगळं?"

"नाही, ताई. उरलेल्या तिघींवरून तो तुकडा जुळवला गेला आणि तिलाच पुन्हा लिहायला दिला."

"काढून नाही टाकली तिला?"

"एका चुकीवरून नाही. वारंवार अडली तर काढावी लागेल. आत्ता लिहिलंय तिनं नीट."

पक्षाघातानंतर ताईंच्या यजमानांना बोलताना शब्द सापडत नाहीत. जुने मित्रसुद्धा आताशा घरी येणं टाळतात. यंत्राला शिकवलेला हा धीर माणसांच्यात का टिकत नाही, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात त्यांना घरून फोन आला. यजमान भाजी सांगता सांगता अडखळले होते. "दुधी का?" ताईंनी हळूच विचारलं आणि फोन कानाशी धरून त्या थांबल्या. पलीकडून तो शब्द येईपर्यंत थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "हो, आणते हं."