मागच्या बॅटरीतला दादा

माझा थोरला भाऊ वारला आणि त्यानंतर आठ महिने आपल्याच टेम्पोच्या मागच्या बाजूला राहिला. हे मी आमच्या सगळ्या कात्रप गावाला सांगून झालेलं आहे, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही. मी गोष्ट सांगायला बसलो की लोकांचे चहा निवतात, आणि निवलेले चहा बघितले की मला फार बरं वाटतं. पण ही गोष्ट मी रचली नव्हती. निदान सुरुवातीला तरी नाही.

दादाचा धंदा दिवे आणि माइक भाड्याने देण्याचा. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यांवर बारसं असो की साखरपुडा, भोंगा दादाचा. तिथे वीज कधी असते, कधी नसते, म्हणून त्याने टेम्पोत दोन बॅटऱ्या बसवून घेतल्या होत्या. पुढची गाडी चालू करायला, मागची दिवे आणि भोंगा चालवायला. इंजिन सुरू असताना दोन्ही भरायच्या. माइक हातात आला की दादा आधी दोनदा फुंकर मारायचा. फू, फू. मग घसा खाकरून "हॅलो". ती फुंकर ऐकली की पाड्यावरची म्हातारी माणसंसुद्धा सरसावून बसायची.

एका दुपारी गावाकडून येताना दवाखान्यासमोरच्या गतिरोधकावरून गाडी उतरली आणि दवाखान्याच्या दाराशीच थांबली. दादा खाली उतरला नाही.

धंदा वहिनींनी चालू ठेवला. त्यांना गाडी येत नाही, म्हणून स्टिअरिंगवर मी. दोनेक महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी त्याच गतिरोधकावर मागच्या बॅटरीवरचा दिवा मंदावला, क्षणभर पार विझला आणि पुन्हा लागला. दुसऱ्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला मी आणि वहिनी, दोघंही तिथे पोचण्याआधीच आरशात बघायला लागलो होतो.

मग ते बारसं झालं. ऐन पाळण्याच्या वेळी भोंगा मुका झाला. बायका गाणं थांबवून वर बघायला लागल्या. आणि भोंग्यातून आवाज आला, फू. थोडं थांबून पुन्हा, फू.

वहिनी वायर गुंडाळत होत्या. हात तसाच राहिला.

"भाऊजी, ऐकलंत?"

मी वायर ढिली असेल म्हणायला हवं होतं. पण एवढी चांगली जागा आयुष्यात पुन्हा मिळते का? मी हळूच म्हणालो, "दादाच आहे."

त्यानंतर मी सुटलोच. मागची बॅटरी गॅरेजमध्ये नवी घालून घेतली, पंधरा दिवसांत तीही उतरली, तेव्हा मी नाक्यावर सांगितलं की दादा नवी बॅटरीसुद्धा पितो. दोन बॅटऱ्यांच्या मध्ये चार्जिंग मागे सोडणारा रिले असतो, तो बदलला. काही फरक नाही. तेव्हा सांगितलं की त्याला कुठलं कुलूप अडवू शकत नाही. लोक टेम्पोजवळून जाताना नमस्कार करायला लागले. मी मजेत होतो. वहिनी मात्र रोज सकाळी हळदकुंकवाचं ताट घेऊन टेम्पोच्या मागे जायच्या आणि बराच वेळ तिथे बसायच्या. त्या तिथे असताना मी कधी मागे जाऊन बघितलं नाही. बघायला हवं होतं.

तीन कार्यक्रम असे फसले आणि पाड्यांवरून बोलावणी येईनाशी झाली. शेवटी वहिनींनीच टेम्पोच्या एका गिऱ्हाइकाला रविवारी यायला सांगितलं.

"शनिवारपर्यंत चार्जिंग नीट झालं तर ठेवते, नाहीतर देऊन टाकते," त्या म्हणाल्या. आणि मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, "पण भाऊजी, गाडी गेली तर ते कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार?"

मी फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसत बसलो.

शनिवारी सकाळी आम्ही उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका वयस्क सिंधी इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मी त्याला सगळी हकीगत हातवारे करून, गतिरोधकापाशी आवाज खाली आणून सांगितली. त्याने शांतपणे चहा संपवला.

"साईं, भाऊ प्यायचा का?"

"फक्त चहा."

"मग मेल्यावर बॅटरी कशाला पिईल? बोनेट उघडा."

इंजिन चालू ठेवून त्याने पुढच्या बॅटरीला मीटर लावला. चौदा पॉइंट दोन व्होल्ट. मग मागच्या बॅटरीला. बारा पॉइंट चार.

"ताई, जेवण बरोबर शिजतंय," तो वहिनींना म्हणाला, "ताटात येत नाही एवढंच. रस्त्यात कुठेतरी सांडतंय. तुमच्या देराने ताटं बदलली."

देर म्हणजे दीर, म्हणजे मी. ते लागलं.

मग त्याने एक लांब वायर मीटरला जोडली. एक टोक पुढच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं मागच्या बॅटरीच्या प्लसवर. काटा जवळजवळ हलला नाही. "जाण्याचा रस्ता साफ आहे." मग तसंच दोन्ही मायनसवर. एक पॉइंट सात. त्याने मीटर वहिनींसमोर धरला. "इथे शून्य पाहिजे. परतीचा रस्ता अडलाय. हा कोणी बघत नाही. सगळे प्लसच्या मागे धावतात."

मागच्या बॅटरीच्या मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला एका बोल्टने कसलेली असते. अर्थिंग म्हणतात. तो टॉर्च घेऊन मागे चढला, वाकला आणि बोल्टावर बोट फिरवून त्याने वास घेतला.

"इथे दही कोणी लावलं?"

मी खदखदून हसणारच होतो. मग वहिनींचा चेहरा दिसला.

"दूध आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी दूध. एरवी पाणी आणि हळदकुंकू."

मी आत डोकावलो. बोल्टाचं डोकं गोल, गुळगुळीत, खाली रुंद वायसर. हुबेहूब पिंडी. दादा कार्यक्रमाआधी स्टिअरिंगला गंध लावायचा, पण दादा जिथे बसल्या बसल्या गेला तिथे वहिनींचा हात धजावत नव्हता. म्हणून त्यांनी मागची ही जागा धरली. आठ महिने रोज पळीभर पाणी. बोल्टाभोवती पिवळा, तांबडा, हिरवा थर चढला होता, वर दुधाची साय वाळून पांढरी झाली होती. त्या थराखाली वायर नुसती टेकून उभी होती. गतिरोधकावर धक्का बसला की तीही सुटत होती.

म्हातारा हसला नाही. खाली उतरला, हात धुऊन आला.

"आधी तुम्ही नमस्कार करा ताई. मग मी खोलतो."

वहिनींनी पदर सावरून नमस्कार केला. त्याने पाना लावला. बोल्ट करकरत सुटला. पत्रा चकचकीत होईपर्यंत त्याने सँडपेपर घासला, वायरीच्या टोकाला नवी लग, म्हणजे तांब्याची कडी, दाबली, कसली, वर ग्रीस लावलं. मीटर मायनसवर धरला तर शून्याच्या आसपास. मागच्या बॅटरीवर चौदा पॉइंट एक.

मी टाळ्या वाजवल्या. सवय.

वहिनींनी विचारलं, "मग तो आवाज?"

"बॅटरी उतरली की भोंग्याचं मशीन बंद पडतं. जरा दम धरला की पुन्हा चालू व्हायला बघतं, पुन्हा पडतं. दर वेळी भोंगा एक श्वास टाकतो."

"आता नाही येणार?"

"नाही येणार, ताई." ग्रीसचा डबा बंद करत तो म्हणाला, "पूजा करा, पण वर, पेटीच्या झाकणावर. पाणी नको."

परतताना तोच गतिरोधक आला. आम्ही दोघांनी आरशात बघितलं. दिवा जराही हलला नाही. लख्ख, सरळ, जसा असायला हवा तसा जळत राहिला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला त्या जागेची भीती वाटली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. वहिनींनी त्याला पोहे आणि चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात पाड्यावर एक साखरपुडा होता. भोंगा झाडाला बांधला, मशीन चालू केलं. नुसती बारीक घरघर. मंडळी बसली होती. वहिनींनी माइक माझ्या हातात दिला आणि त्या टेम्पोच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या, मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

हजार माणसांपुढे न डगमगणारा मी, माइकची वायर उगाच सरळ करत बसलो. शेवटी माइक तोंडाशी धरला आणि फुंकर मारली.

दाराआडून आवाज आला, "ते दोनदा फुंकायचे."

मी पुन्हा फुंकलं.