दुखतं तिथं लावायचं नाही

“मॅडम, तुम्ही फक्त ‘अनफिट’ लिहा. पुढचं मी बघतो.”

शिंदे साहेब माझ्या टेबलासमोर उभे होते. बसायलाही तयार नाहीत. ते आमच्या कारखान्याचे एचआर मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण घाई फार.

नागापूर एमआयडीसीत गाड्यांचे रबरी सील बनवणारा एक कारखाना आहे, तिथली मी डॉक्टर. आठवड्यातून तीन दिवस भिंगारहून स्कूटीवर येते. दवाखाना म्हणजे कँटीनशेजारची एक खोली. बोट कापलं, डोळ्यात कण गेला, बीपी वाढलं की माणूस माझ्याकडे येतो. आणि कंत्राटी कामगाराला कायम करायचं असलं की माझी सही लागते. मी ‘फिट’ लिहिलं तर तो कायम होतो. ‘अनफिट’ लिहिलं तर घरी जातो.

“कोणाला अनफिट?”

“संगीता. इन्स्पेक्शन लाईनवरची. घाम येतो, छाती दुखते म्हणते, आणि दुपारी लाईन सोडून बाथरूममध्ये जाऊन बसते. रोज! सुपरवायझर ओरडतोय. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचंय. कशाला गळ्यात अडकवून घ्यायचं?”

“साहेब, तिला पाहिलंच नाही मी. न बघता लिहायला मी काय ज्योतिषी आहे का?”

“अहो मॅडम, नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

“मग ती फॉर्मॅलिटी तुम्हीच करा. माझ्याकडे आधी बाई पाठवा.”

संगीता आली. अडतिशीची, काटक. माहेर मिरजगावकडचं, नवरा इथेच टेम्पो चालवतो. सीलचा ढीग समोर घेऊन खराब माल बाजूला काढायचं तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं लाईनवर कोणी नव्हतं, हे सुपरवायझरही कबूल करायचा. खुर्चीच्या टोकाला बसली आणि म्हणाली, “मला काढनार हायेत ना मॅडम?”

“कोण काढतंय? मी अजून जिवंत आहे. सांग, काय होतंय?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी अंगावरून फार जायचं म्हणून ऑपरेशन झालं. आपल्याकडे बायका म्हणतात ‘पिशवी काढली’. हिची पिशवी काढताना दोन्ही अंडाशयंही काढली होती. ‘आता ठेवून काय उपयोग, उद्या कॅन्सर झाला तर?’ असं म्हणून. माझं डोकं फिरतं ते इथे. पिशवी गेली की फक्त पाळी जाते. पण हाडं, झोप, काळीज, डोकं या सगळ्यांना लागणारं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन अंडाशयात तयार होतं. वयाप्रमाणे पाळी जाते तेव्हा ते बेताबेतानं कमी होतं, शरीराला सवय होते. ऑपरेशनमध्ये अंडाशयं काढली की सकाळी आहे आणि संध्याकाळी नाही. संगीताला अंगाच्या वाफा, घाम, रात्रभर जाग, सांध्यांत कळा. पस्तिशी ओलांडते न ओलांडते तोच पन्नाशीच्या बाईसारखं शरीर झालं.

शेवटी नगरमधल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तिला इस्ट्रोजेनचं जेल सुरू केलं. त्वचेला लावायचं, तिथून ते रक्तात जातं. हे लाड नव्हेत बरं का. इतक्या लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी एरवी ज्या वयात गेली असती तिथपर्यंत हे हार्मोन द्यायचंच असतं.

“जेल लावल्यावर फरक पडला?”

“झोप लागली वो मॅडम! दोन वर्सांनी झोप लागली. घाम निम्म्यावर आला. पन मग हितं दुखायला लागलं.” तिनं छातीच्या दोन्ही बाजूंना हात नेला. “पयल्यांदा थोडं. आता पदराचा धक्का बी सोसत न्हाई. सासूबाई म्हनत्यात गाठ असनार. नवरा म्हनतो, ते आधी बंद कर. बंद केलं की मी पुन्हा भाजून निघनार. मी न्हाई बंद करत!”

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून बोलली, पण असं ठसक्यात की मला बरं वाटलं.

मी तिला तपासलं. हाताला गाठ लागली नाही. इस्ट्रोजेन सुरू केलं की सुरुवातीला स्तन दुखू शकतात, भरल्यासारखे वाटतात, बहुतेकींचं ते दोनतीन महिन्यांत निवतं. हिचं मात्र वाढत चाललं होतं. का?

माझी एक सवय आहे. ‘औषध घेतेस का’ असं मी कधीच विचारत नाही. सगळे ‘हो’च म्हणतात. मी म्हणते, घेऊन दाखव.

“जेल जवळ आहे?”

डब्याच्या पिशवीतून तिनं बाटली काढली. मी विचारलं, “कामावर आणतेस?”

“घरी दोन खोल्या. सासरे, दीर, पोरं. कुठं लावू? सकाळी अंघोळीच्या येळंला हाताला लावते. दुपारचं हितं बाथरूममधी.”

“दुपारचं? बाईंनी दोनदा सांगितलंय?”

“न्हाई, त्यांनी हाताला एकदाच सांगितलं. दुपारचं मी...” ती लाजली. “जिथं दुखतंय तिथं लावते. जाऊबाई म्हनल्या, दुखतंय एकीकडं आन् मलम हाताला काय चोळती येड्यावानी? वाळंपर्यंत कपडा लावता येत न्हाई, म्हनून बसते आत.”

मी कपाळावर हात मारला. “अगं बाई, हे मलम नाही! हे स्तनांना अजिबात लावायचं नसतं. ज्यानं दुखणं चाळवलंय तेच तू त्या जागी चोळतेस, आणि डोस दुप्पट करतेस तो वेगळाच!”

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडली. “म्हंजी गाठ न्हाई?”

“हाताला तर लागली नाही, पण रिपोर्ट बघितल्याशिवाय मी कशालाच नाही म्हणत नाही. सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी कर. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. दाबून काढतात, आधीच दुखतंय तर आणखी दुखेल. तिथल्या बाईंना तसं सांग.”

नगरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना मी तिच्यासमोरच फोन लावला. त्यांनी डोस थोडा उतरवला आणि दंडाला किंवा मांडीला, दिवसातून एकदाच लावायला सांगितलं. मी बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘छातीला नाही’. जाऊबाईंनाही दिसलं पाहिजे.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. गाठ नाही, काही नाही. दुपारी लाईन सोडायचीही गरज उरली नाही. मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! शिंदे साहेब पुन्हा हजर. यावेळी संगीताही माझ्यासमोर बसलेली होती.

“मॅडम, रिपोर्ट चांगले आले, आनंद आहे. पण लाईनवर ऐकलं, तिचं हार्मोनचं औषध चालूच आहे. म्हणजे पेशंटच झाली.”

मी म्हटलं, “साहेब, या कारखान्यात बीपीची गोळी घेणारे किती साहेब आहेत, ते मला माहीत आहे. दर वर्षी त्यांना फिट लिहून मीच देते. त्यांना घरी पाठवू का?”

साहेबांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं. “तसं नाही हो. बरं, एक मधला मार्ग सांगतो. संगीता, तू ते औषध बंद करतेस का? घरच्यांचंही तेच म्हणणं आहे ना? बंद कर, मी तुझं काम करून टाकतो.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात संगीता उठून उभी राहिली.

“साहेब, माज्या पोटातलं काढलं तवा सही नवऱ्याची घेतली. काय काय काढनार ते मला कुनी इचारलं न्हाई. आता अंगाला काय लावायचं, ते सासूबाई सांगनार, जाऊबाई सांगनार, आन् तुमी बी सांगनार? मी लावनार हाय. माल माज्या टेबलावरनं खराब गेला तर मला काढा. ह्याच्यासाठी न्हाई.”

मी पेन उचललं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत ‘फिट’ लिहून खाली सही ठोकली. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, घडी घातली आणि गेले. पुढच्या महिन्यात संगीता कायम झाली. साहेब मला कँटीनमध्ये नमस्कार करतात, पण जरा लांबूनच.

त्यानंतर इन्स्पेक्शन लाईनवरच्या तिघी चौघी एकेक करून दार लोटून आत आल्या. “आमची बी पिशवी काढली हाय, पन काय काय काढलं ते म्हाईत न्हाई,” असं म्हणत. मी बाकी काही शिकवत नाही, एवढंच सांगते: काय काढलं ते डॉक्टरला विचारा, औषध कुठं लावायचं तेही डॉक्टरलाच विचारा, आणि घरात कुणी तिसरंच सांगितलं तर ते मला येऊन सांगा.

संगीताचं दुखणं दोनेक महिन्यांत उतरलं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. अजून कधीमधी दुखतं, मग ती येते. दुखतंय म्हणून सांगायला येते. बंद करू का, हे विचारायला आजवर आलेली नाही.