बिननावाचं गाठोडं

साईनाथ नाखवाच्या हातात डबा देऊन "यात लोणचं आहे" असं सांगण्यात काही अर्थ नसतो. तो झाकण उघडणार, आत बघणार, वास घेणार आणि मगच "हो, आहे" म्हणणार. कोपरीतल्या त्याच्या घरातली छत्री उघडून बघितल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. बायको कल्पिता तर सांगते, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा ह्या माणसाने हार घालायच्या आधी वाकून तिचा चेहरा बघून घेतला. मुलगी तीच आहे ना, याची खात्री.

दोष त्याचा नाही, नोकरीचा आहे. ठाण्यातल्या एका कारखान्याच्या कम्प्युटर विभागात त्याने उमेदीची सगळी वर्षं फायलींची गाठोडी बांधण्यात घालवली. महिनाअखेरीला शेकडो फायली गोळा करायच्या, एकत्र बांधायच्या, दाबून लहान करायच्या आणि दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवायच्या. हे सगळं तो काळ्या पडद्यावर हुकूम लिहून करायचा. माउसला तो 'खाजवणं' म्हणतो. तेच तेच हुकूम रोज लिहायला नकोत म्हणून ते एका फायलीत ओळीने उतरवून ठेवायचे, की मग एका शब्दात सगळे आपोआप चालतात. याला स्क्रिप्ट म्हणतात. विभागात साईनाथच्या स्क्रिप्ट त्याच्यापेक्षा लोकप्रिय होत्या, कारण त्या भाषण देत नसत.

भाषण एकच असे. "बांधलं म्हणजे झालं नाही. सोडून बघितलं म्हणजे झालं." रिकाम्या फोल्डरमध्ये गाठोडं सोडायचं, आतली फाइल चालते का बघायचं, मगच खुर्चीवरून उठायचं. पोरं त्याच्यामागे त्याची नक्कल करायची. करू देत. ज्या दिवशी सर्व्हर बसला, त्या दिवशी सगळी त्याच्याच टेबलापाशी उभी होती.

या माणसाची आत्या चंद्रभागा धवलारीण आहे. खाडीकाठच्या कोळी-आगऱ्यांच्या लग्नांत विधीबरोबर जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ती म्हणून लग्न लावणारी बाई ती धवलारीण. चंद्रभागाबाईने अर्धा कोळीवाडा असा संसाराला लावला. आता गुडघे गेले, छातीच्या दुखण्याने दम गेला. बोलावणीही थांबली, कारण हळदीला डीजे असतो आणि डीजेला दम लागत नाही.

गाणी तिच्याबरोबर जातील, या भीतीने साईनाथ कितीतरी सुट्ट्या तिच्या ओटीवर बसून रेकॉर्डिंग करत आला. एकच धवला तिने घरी म्हणायला नकार दिला. पहिला. तो आवतणाचा. त्यात देवांना बोलावतात, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावतात, आणि शेवटी ज्यांच्या गळ्यातून धवला उतरला त्या गेलेल्या धवलारणींना. प्रत्येक नावामागे बसलेल्या बायका "आयले", म्हणजे आले, असं म्हणून त्यांच्या वतीने ओ देतात. "मांडव नाय आनि बोलवनं केलं, तर त्यांनी बसावं कुठं?" असं चंद्रभागाबाईचं म्हणणं. दुसऱ्या धवलारणी म्हणत असतील, ती म्हणत नाही.

सुदैवाने त्याच्या बहिणीच्या, निशाच्या लग्नातली कॅसेट होती. त्यात पहिला धवला होता, तोही आत्याच्या भरात असलेल्या आवाजात. साईनाथने तो कम्प्युटरवर उतरवला, ऐकून खात्री केली आणि बुरशी लागलेली कॅसेट टाकून दिली. फाइलला शून्य क्रमांक दिला, म्हणजे देवाचं गाणं कायम सगळ्यांच्या वर राहील. बाकीची त्याच्याखाली ओळीने.

सगळं जमल्यावर आत्याला सांगायला गेला. "आते, सगळ्यांचं मिळून एक गाठोडं बांधतोय. वर तुझं नाव घालतो."

"माझं नाव नको घालू हां साई." ती एकदम ताठ बसली. "धवलारनीचं नाव ती गेल्यावर येतं, धवल्यात. जित्यापनी नको."

"मग काय घालू?"

"काय नको घालू. धवला काय माझा हाय?"

आत्याचा शब्द साईनाथला मोडवत नाही. रविवारी तो लॅपटॉप घेऊन डोंबिवलीला निशाकडे गेला. दुसरी डिस्क तो तिच्या कपाटात ठेवतो, कारण एक घर बुडालं तर माल दुसऱ्या घरात असावा. स्वयंपाकघरात निशा पापलेट तळत होती. त्याने ऑफिसातली जुनी स्क्रिप्ट चालवली. स्क्रिप्टने नेहमीसारखं विचारलं, गाठोड्याचं नाव? आत्याचा शब्द आठवून साईनाथने काहीही न लिहिता एंटर दाबलं.

इथे घात झाला. गाठोडं बांधणाऱ्या त्या हुकुमाला टार म्हणतात. त्याला आधी गाठोड्याचं नाव सांगायचं असतं, मग आत काय घालायचं ते. नावाची जागा रिकामी राहिली तर तो थांबत नाही, विचारत नाही. पुढच्या यादीत जे पहिलं दिसेल तेच गाठोड्याचं नाव समजतो आणि बाकी सगळं त्या नावावर बांधून मोकळा होतो. त्या नावाखाली आधी जे होतं ते जातं. ऑफिसात नाव कोरं सोडायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे इतकी वर्षं ती खोट स्क्रिप्टमध्ये गुपचूप पडून राहिली. साईनाथने भक्तीने सगळ्यांच्या वर बसवलेलं गाणं तेवढं नेमकं गेलं. दुसऱ्या क्रमांकावर असतं तर वाचलं असतं. पुढे स्क्रिप्टने तो सगळा फोल्डर इमानाने दुसऱ्या डिस्कवर उतरवला. नक्कल इमानी असते, चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवते.

"दादा, गरम आहे तोवर बस ना जेवायला," निशा म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा साईनाथ गाठोडं न सोडता उठला. पापलेटापुढे भलेभले विरघळतात, त्याला काय बोल लावायचा!

जेवण झाल्यावर निशा म्हणाली, "माझ्या लग्नातला तो लाव ना. बाबांचं पण ऐकू येतं मध्ये, पाणी द्या रे कोणीतरी, असं."

त्याने शून्य क्रमांकाची फाइल लावली. वाजेना. पुन्हा लावली. मग तिचा आकार बघितला आणि ती गाठोड्यासारखी सोडून बघितली. पहिल्या गाण्याच्या नावाखाली बाकीची सगळी गाणी बांधलेली होती, फक्त पहिलं नव्हतं. पुसलेली फाइल कधीकधी परत मिळते, पण तिच्याच जागेवर नवं लिहिलं गेलं की आशा सोडावी. साईनाथने आठवडाभर सोडली नाही. मग सोडली. आत्याचा आवाज गेला तो गेला, बापाचं पाणी मागणंही गेलं.

आता तो धवला परत मिळायचा तर आत्याच्याच तोंडून, आणि आत्याला मांडव हवा. घरात लग्नाचं एकच माणूस होतं, मुलगी अक्षदा. ती नौपाड्यात एका दवाखान्यात काम करते आणि लग्न हा शब्द निघाला की चपला शोधते. दोन दिवस सगळे तिच्याकडे बघत राहिले तेव्हा ती भडकली.

"पप्पा, एका फाइलसाठी मी बोहल्यावर चढू? सीरियसली?"

"मी कुठे काय बोललो?"

"बोलला नाहीत, पण बघताय ना कधीपासून!"

शेवटी तो आत्याकडे गेला आणि झालेलं सगळं सांगितलं. नाव रिकामं सोडलं म्हणून पहिलं गाणं गेलं, हेही. त्याला वाटलं ती रागावेल, रडेल. चंद्रभागाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबरच केलं त्यानं," ती म्हणाली. "नाव घेतलं नाय तर पयला मान होता तो उठून जातो. धवल्यात पन तसंच हाय. माझ्या ध्यानात यायला पायजे होतं." मग हिशेब मिटवत, "निम्मी चूक तुझी, निम्मी माझी. वाटून घेऊ. मांडव कोनाकडं हाय बघ."

मांडव निघाला मागच्या गल्लीतल्या भावेशकडे. त्याच्या आईने, मंजुळाने, डीजे ठरवला होता. साईनाथ तिच्याकडे गेला. कुणाकडे कधी काही न मागितलेला माणूस, दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, डीजेच्या आधी आतेचा एक धवला होऊ दे. एकच."

"अहो भाऊजी, माझं लग्न त्यांनीच लावलंय," मंजुळा म्हणाली. "पण झेपेल का त्यांना?"

झेपण्यासारखं नव्हतंच. उंबराची फांदी लावलेल्या मांडवात खुर्ची टाकून तिला बसवलं, भोवती जुन्या बायका बसल्या. साईनाथ कानाला हेडफोन लावून समोर. तिने देव बोलावले. दर दोन ओळींना थांबावं लागत होतं. भावेशच्या घरची गेलेली माणसं आली, आजा दामाजी आला, बायका "आयले, आयले" करत ओ देत होत्या. मग गेलेल्या धवलारणी. रतन, तिची आई, तिलाही बोलावलं. आयले. इथे धवला संपतो. साईनाथचं बोट बटणावर गेलं होतं.

चंद्रभागाबाईने मोठा श्वास घेतला आणि त्याच चालीवर पुढचं नाव घेतलं. चंद्रभागा.

बायका गप्प. जिवंत माणसाच्या नावाला तिच्यासमोर ओ कशी द्यायची? कोणीच दिली नाही. हेडफोनमध्ये नुसता मांडवाच्या कापडाचा फडफडाट आला. साईनाथचं बोट बटणावर तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिच्या ओटीवरच लॅपटॉप उघडला. स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घातल्या होत्या. नाव दिल्याशिवाय ती आता पुढे सरकत नाही. नाव विचारल्यावर त्याने आत्याकडे बघितलं.

"घाल," ती म्हणाली. "आता धवल्यात आलंच हाय."

त्याने नाव लिहिलं, गाठोडं बांधलं. मग रिकामा फोल्डर केला, त्यात ते सोडलं आणि पहिलं गाणं लावलं. दोघं ऐकत बसली. देव आले, दामाजी आला, रतन आली. शेवटी तिचं नाव आलं आणि मागून ती मोकळी, निःशब्द जागा.

चंद्रभागाबाईने पदर सारखा केला आणि लॅपटॉपकडे बघून मोठ्याने ओ दिली.

"आयले गो, आयले."