डब्यातून परत काय आलं

दोन सॉफ्टवेअरची सोयरीक जुळवून देणं, म्हणजे त्यांचं 'सिंक' लावणं, हा माझा धंदा. एकात गिऱ्हाइकांच्या नोंदी असतात, दुसऱ्यातून त्यांना मेल जातात, आणि दोघांचं बिनसलं की लोक माझ्या डोक्यावर बसतात. सीताबर्डीतल्या आमच्या ऑफिसात येणाऱ्या तक्रारी बहुतेक फालतू असतात. कुणाची दिवाळीची सवलत संक्रांतीला पोचलेली असते. मी चिडते, दुरुस्त करते, विसरून जाते. सक्करदऱ्याच्या काकूंची तक्रार मात्र अजून विसरता आलेली नाही.

या काकू एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवतात. डबा लावतात त्यांची मुलं, पुण्या-बंगळुरूत बसून. त्या मुलांसाठी मी एक सोय करून दिली होती. दुपारी डबे परत आले की काकूंच्या बाया प्रत्येक डबा उघडून बघत आणि टॅबवर खूण करत : संपलं, किंवा उरलं. संध्याकाळी तेवढंच मुलाला मेलनं कळे. सवलती आणि सणांच्या शुभेच्छा धाडायला घेतलेलं सॉफ्टवेअर अशा कामी आलं, याचं मला भारी कौतुक होतं.

एका सकाळी काकूंचा फोन आला. "ताई, तुमचं ते मेलचं खोटं बोलून राहिलं का वं? तळ्याजवळच्या आजीचं पोरगं घराले कुलूप लावून तिले वृद्धाश्रमात ठेवतो म्हणते."

मी त्या मुलाशी बोलले. बंगळुरूला चांगल्या नोकरीत होता, आवाज मात्र पार थकलेला. "आई रोज सांगते, पोटभर जेवले. तुमचा मेल रोज सांगतो, जेवण उरलं. मी कुणाचं खरं मानू?" आईचं मान, असं ओठांवर आलं होतं. पण मेल माझ्याकडूनच जात होता. येत्या रविवारी तो आजींना न्यायला येणार होता. घर सोडायचं नाही म्हणून आजींनी फोनवर रडून आकांत केला होता, आणि त्यालाही ते सोसत नव्हतं. रविवारच्या आत मला बिघाड शोधायचा होता.

पहिला संशय मला लगेच सापडला. मुलाच्या एकाच मेल आयडीवर काकूंकडे दोन नावं होती, आजींचं आणि आजोबांचं. आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले. शेवटी शेवटी त्यांना जेवण जात नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नावापुढची शेवटची खूण 'उरलं' अशीच होती. मेलचं सॉफ्टवेअर एका आयडीला एकच माणूस समजतं. तेव्हा आजोबांची खूण आजींच्या नावावर जात असणार, असं मी धरून चालले. काकूंना विचारलं, हे नाव अजून काहून ठेवलं? त्या म्हणाल्या, "काढावं नाही वाटलं वं." शेवटी मीच काढलं. माणूस पुसायचं बटण इतकं हलकं का करतात, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मेल गेला : आज जेवण उरलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. स्क्रीनसमोर बसणं सोडलं आणि डबे परत यायच्या वेळेला काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. आजींचा डबा आला. बाईनं तो उघडला, टॅबवर 'उरलं' केलं आणि वरचा कप्पा उष्ट्याच्या ड्रमवर पालथा करायला उचलला. "रोजचंच आहे ताई. पोया तशाच धाडते आजी."

मी तिचा हात धरला. खालचे कप्पे लख्ख घासलेले होते. ज्याला जेवण जात नाही, तो माणूस भांडी अशी घासेल? वरच्या कप्प्यात दोन पोळ्या होत्या, पण रंगानं तांबूस. मी वास घेतला. गुळाचा. त्या पोळ्या नव्हत्याच, दशम्या होत्या, आणि काकूंच्या घरात त्या दिवशी दशमी झालेली नव्हती.

काकू ओट्याला टेकल्या. "अरे माय! आजी रिकामा डबा नाही पाठवून राहिल्या वं. आपण शेजारणीची वाटी रिकामी देतो का? अन् आम्ही उष्टं म्हणून फेकून राहिलो!"

विकतच्या डब्यालाही कुणी शेजारणीचं भांडं मानत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काकूंनी एक दशमी बायांना वाटली, अर्धी मला दिली. ती मी तिथंच उभ्यानं खाल्ली. या हातचं किती दिवस ड्रममध्ये गेलं होतं!

मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई अजून दशम्या करते? गुडघ्यांमुळे तिनं गॅसपाशी उभं राहू नये, म्हणून तर डबा लावला होता." हसायला लागला आणि हसता हसताच रडला. रविवारचं रद्द झालं. फोन ठेवताना त्यानं एक मागितलं : "संपलं, उरलं काढून टाका. तिनं काय पाठवलं, तेवढं मला कळवत जा."

मी तशी व्यवस्था केली. बाया लिहीत : मूठभर चिवडा. शिरा. पेरूच्या फोडी. एकदा नुसती साखर. संध्याकाळी ते बंगळुरूला जाई. बायांनी काही लिहिलंच नाही तर मेल जाऊ नये, हेही मीच ठरवून दिलं होतं. रिकामा मेल कोण वाचतो?

असं पावसाळाभर चाललं. मग एका दुपारी आजींचा डबा न घासलेला आला, आणि रिकामा. आमच्या जुन्या हिशेबानं ती चांगली खूण ठरली असती. काकूंच्या कानावर ते संध्याकाळी आलं, तेव्हा त्यांनी मला कळवलं आणि तशाच पायी आजींकडे निघाल्या. तिथून त्यांचा फोन आला. आजी खाटेवर पडून होत्या, अंग तापलेलं, हाकेला ओ देत नव्हत्या. काकू त्यांना दवाखान्यात हलवत होत्या.

मुलाचा नंबर मी शोधतच होते, तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"ताई, आज मेल आला नाही. सिंक बिघडलं असेल ना?"

समोर स्क्रीनवर सगळं नीट चालू दिसत होतं. इतकी वर्षं लोक मला हा प्रश्न विचारतात आणि दर वेळी मी मनात म्हणते, बिघाड माझ्याकडे न निघो. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच उलटं मागत होते.

"नाही," मी म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. तुम्ही या."